फायनान्स विषय घेऊन बिझनेसची पदवी करताय? मग कशानंतर काय शिकायचं ते आधी पाहा

बिझनेसच्या पदवीला प्रवेश घेतला की वर्ष-दीड वर्षात एक फॉर्म समोर येतो. स्पेशलायझेशन कोणतं? मार्केटिंग, मनुष्यबळ, ऑपरेशन्स, अकाउंटिंग, फायनान्स. फायनान्सपुढे खूण करणाऱ्यांची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर पगार चांगला मिळतो असं कुठेतरी ऐकलेलं असतं, नाहीतर शेअर बाजाराची ओढ असते. दोन्ही कारणं ठीकच आहेत. पण पहिल्याच पेपरात घसारा, ॲन्युइटी आणि प्रमाणित विचलन पुढ्यात आलं की अनेकांना वाटतं, आपण भलत्याच वर्गात येऊन बसलो की काय.

वर्ग तोच असतो, फक्त तिथे कशाचा अभ्यास चालतो हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. पदवीच्या पातळीवरचं सगळं फायनान्स एका प्रश्नाभोवती फिरतं: पुढे कधीतरी मिळणाऱ्या, आणि मिळेलच याची खात्री नसलेल्या पैशाची आजची किंमत किती? कारखाना उभारायचा का, रोखा (बाँड, म्हणजे कर्जाचा विकता येणारा कागद) कितीला घ्यायचा, कर्ज द्यायचं का, कंपनी विकत घ्यायची तर किती मोजायचे, हे सगळे त्याच प्रश्नाचे वेगवेगळे अवतार. हे उमगलं की पेपर एकमेकांत गुंततात. नाही उमगलं तर दर सेमिस्टरला नवी सूत्रं पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची.

खूण करण्याआधी

अकाउंटिंग, अर्थशास्त्र आणि फायनान्स यांत नवख्यांचा फार गोंधळ होतो. अकाउंटिंग मागे बघतं. जे घडलं ते ठरलेल्या नियमांनी नोंदवायचं. अर्थशास्त्र विचारतं की सगळे मिळून असे का वागतात, किमती आणि व्याजदर कुठून ठरतात. फायनान्स या दोघांकडून उसनवारी करून पुढे बघतं. तुम्हाला नियम, अचूकता आणि पुरावा आवडत असेल तर अकाउंटिंग तुम्हाला जास्त मानवेल. अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन तो चार लोकांसमोर मांडायची तयारी असेल तर फायनान्स.

कल तपासायचा एक सोपा मार्ग आहे. तुम्हाला ज्या कंपनीचं कुतूहल वाटतं तिचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि तासभर चाळा. सुरुवातीची चकचकीत पानं सोडून थेट आकड्यांकडे जा. निम्म्याहून अधिक कळणार नाही, ते अपेक्षितच आहे. पण ‘नफा वाढला आणि कर्जही वाढलं, असं कसं?’ असा एखादा जरी प्रश्न मनात आला तर या विषयात तुम्ही रमाल. तासभरात एकही प्रश्न पडला नाही तर नुसत्या पगाराच्या आशेवर दोन वर्षं काढणं जड जाईल.

गणिताची भीती अवाजवी असते. मूळ पेपरांना बीजगणित, टक्केवारी, घातांक आणि पायाभूत सांख्यिकी एवढं पुरतं. कलनशास्त्र आणि मॅट्रिक्स लागतात ते पुढे डेरिव्हेटिव्हजच्या (दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेल्या करारांच्या) सखोल पेपरांना किंवा आकडेमोडीकडे झुकलेल्या उच्च शिक्षणाला. तिकडे जायचा विचार असेल तर ते विषय लवकर उरकून घ्या, शेवटच्या वर्षी त्यांना जागा सापडत नाही.

आणि हो, अभ्यासक्रमाची पुस्तिका घेऊन बसा आणि कागदावर साखळी काढा. फायनान्सच्या पहिल्या पेपराला बहुतेक ठिकाणी अकाउंटिंग आणि सांख्यिकी आधी झालेलं लागतं. त्या पेपराशिवाय पुढचे पेपर घेता येत नाहीत, आणि पुढच्यांतले काही वर्षातून एकदाच असतात. एक सांख्यिकी मागे राहिली की अख्खी गाडी वर्षभर रखडते. मी स्वतः तो पेपर ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणून ढकलला होता. शेवटच्या वर्षी जे दोन पेपर मला मनापासून घ्यायचे होते ते त्यामुळेच हुकले.

पहिली पायरी: अकाउंटिंगशी दोस्ती

फायनान्सचे विद्यार्थी अकाउंटिंगकडे कारकुनी काम म्हणून बघतात. माझ्या मते संपूर्ण पदवीतली ही सगळ्यात महाग चूक आहे. पुढचे सगळे अंदाज ज्या आकड्यांवर उभे राहतात ते इथूनच येतात, आणि आकडा कसा जन्माला आला हे माहीत नसेल तर त्यावर बांधलेलं मॉडेल कितीही देखणं असलं तरी पोकळ.

तीन पत्रकं नीट कळली पाहिजेत: नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाहाचं पत्रक. त्यातही नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हाडीमासी भिनलं पाहिजे. समजा एका कंपनीने वर्षभरात १०० चा माल विकला, त्यासाठी ७० रोख खर्च केले आणि ग्राहकांकडून वर्षअखेरपर्यंत फक्त ४० वसूल झाले. नफा-तोटा पत्रक ३० नफा दाखवेल. तिजोरीतून मात्र ३० गेलेले असतील. नफ्यात असलेली कंपनी पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून बंद पडते ती अशी.

सरावासाठी एक प्रश्न घ्या. मुलाखतींमध्ये तो आजही हमखास विचारतात. घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम) १० ने वाढला आणि कराचा दर २० टक्के असेल, तर तिन्ही पत्रकांत काय बदलेल? करपूर्व नफा १० ने कमी झाला, कर २ ने कमी झाला, म्हणून निव्वळ नफा ८ ने घटला. पण घसाऱ्यात प्रत्यक्ष पैसा बाहेर जात नाही. म्हणून रोकड प्रवाहात ते १० परत मिळवायचे, आणि रोकड उलट २ ने वाढते. ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता १० ने घटली, रोकड २ ने वाढली, म्हणजे एकूण उणे ८. दुसऱ्या बाजूला भागधारकांच्या निधीतून ८ वजा. जुळलं. हे उत्तर पाठ करू नका. घसाऱ्याऐवजी उधारीची वसुली, मालाचा साठा, नवं कर्ज असं एकेक घेऊन स्वतः जुळवून बघा. वीसेक व्यवहार असे झाले की पत्रकं वाचता येऊ लागतात.

नियम वाकवले की काय होतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वर्ल्डकॉम. दुसऱ्या दूरध्वनी कंपन्यांची जाळी वापरण्याचं भाडं हा साधा चालू खर्च. कंपनीने तो भांडवली मालमत्ता म्हणून ताळेबंदात नेऊन ठेवला. खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होण्याऐवजी पुढच्या अनेक वर्षांवर पसरला आणि नफा फुगला. जून २००२ मध्ये जाहीर झालेला आकडा ३.८ अब्ज डॉलरच्या आसपास होता आणि पुढे तो आणखी वाढला. यात गूढ असं काहीच नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला शिकवतात तो खर्च आणि मालमत्ता यांतला फरक, तेवढाच.

दुसरी पायरी: पैशाला वेळ जोडणं

इथे खरं फायनान्स सुरू होतं, आणि इथे मी तुम्हाला हळू जायला सांगेन.

आजचे १,००० दरसाल १० टक्क्यांनी तीन वर्षांत १,३३१ होतात. उलट विचारलं, तीन वर्षांनी मिळणाऱ्या १,००० ची आजची किंमत किती, तर १,००० भागिले १.३३१, म्हणजे ७५१.३१. पुढे येणारी ॲन्युइटी (ठरावीक काळाने येणारी सारखी रक्कम), कर्जाचे हप्ते, रोख्याची किंमत, समभागाचं मूल्यांकन ही याच भागाकाराची मोठी कुटुंबं. पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक गणितासाठी आडवी रेघ ओढा, तिच्यावर वर्षं मांडा, येणारा पैसा रेघेच्या वर, जाणारा खाली. बालिश वाटतं. परीक्षेत पन्नास टक्के चुका रकमेला चुकीच्या वर्षात बसवल्यामुळे होतात असं मला पेपर तपासणाऱ्या एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं. आकडा त्यांच्या अंदाजाचा असेल, पण माझे स्वतःचे जुने पेपर पाहिले की तो पटतो.

मग कॅल्क्युलेटर. फायनान्सचा कॅल्क्युलेटर गणित चुकवत नाही, तुम्ही त्याला जे सांगता ते चुकतं. तीन सापळे लक्षात ठेवा. एक, चिन्ह: तुमच्याकडून जाणारी रक्कम उणे, येणारी अधिक, दोन्ही अधिक भरलं तर तो हट्टाने चुकीचं दाखवेल किंवा उत्तरच देणार नाही. दोन, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी हे सेटिंग. तीन, वर्षाला किती हप्ते हे मागच्या गणितातलं सेटिंग तसंच राहून जाणं. प्रत्येक नव्या गणिताआधी स्मृती पुसायची सवय हाताला लागू द्या.

एक्सेलमध्येही असाच एक छुपा खड्डा आहे. निव्वळ वर्तमान मूल्य (पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा आजची गुंतवणूक) काढणारं एनपीव्ही हे फंक्शन यादीतली पहिली रक्कम आज नव्हे, एका वर्षाने येते असं धरतं. आज १०० गुंतवले, वर्षाने १५० मिळाले, दर १० टक्के. खरं उत्तर ३६.३६. पण दोन्ही रकमा फंक्शनच्या कंसात टाकल्या तर ३३.०६ येतं, कारण आजचे १०० सुद्धा एक वर्ष मागे आणले गेले. आजची गुंतवणूक कंसाबाहेर ठेवून मिळवायची असते. नोकरीत मुरलेल्या लोकांच्या शीट्समध्येही मी ही चूक पाहिली आहे.

व्याजदर आणि रोख्याची किंमत उलट दिशेने का जातात हेही इथेच कळतं. दहा वर्षांनी १०० देणारा, मध्ये काहीच व्याज न देणारा रोखा घ्या. बाजारातला दर ३ टक्के असेल तर त्याची आजची किंमत ७४.४१. दर ५ टक्के झाला की ६१.३९. कुणी काही बुडवलं नाही, कुठे घोटाळा नाही, तरी किंमत साडेसतरा टक्क्यांनी खाली. मुदत जितकी लांब तितका हा धक्का मोठा.

हे पुस्तकी वाटत असेल तर सिलिकॉन व्हॅली बँकेची गोष्ट बघा. ठेवीदार केव्हाही काढू शकतील असा पैसा बँकेने लांब मुदतीच्या रोख्यांत घातला होता. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर भराभर वाढले आणि त्या रोख्यांच्या किमती घसरल्या. ८ मार्च २०२३ ला बँकेने रोखे विकून सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घ्यायला सुरुवात केली, आणि १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. रोखे बहुतांशी सुरक्षित समजले जाणारेच होते. परतफेडीची जोखीम कमी असली तरी व्याजदराची जोखीम उरते, हा तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासातला धडा.

तिसरी पायरी: सांख्यिकी, विशेषतः तिचे दोन-तीन कोपरे

सगळी सांख्यिकी सारखी कामाला येत नाही. सरासरी, प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने हलतात) आणि प्रतिगमन (एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणं) एवढ्यावर पकड हवी.

सरासरीपासूनच सावध राहा. एका वर्षी ५० टक्के वाढ, पुढच्या वर्षी ५० टक्के घट. साधी सरासरी शून्य. पण १०० चे आधी १५० आणि मग ७५ झाले. जाहिरातीत कुठल्या योजनेचा ‘सरासरी परतावा’ दिसला की तो कुठल्या सरासरीने काढलाय हे विचारायची सवय इथून लागते.

सहसंबंधाचं गणित तर या विषयातलं मला सगळ्यात सुंदर वाटतं. दोन गुंतवणुकी, दोन्हींचं प्रमाणित विचलन २० टक्के. निम्मे पैसे एकीत, निम्मे दुसरीत. दोन्ही अगदी बरोबरीने हलत असतील तर एकत्रित विचलन २० टक्केच. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तर ते १४.१४ वर येतं. अपेक्षित परतावा तसूभरही न सोडता जोखीम जवळपास तीस टक्क्यांनी कमी! हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हा विचार गणितात बसवला. त्यांच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ‘हे अर्थशास्त्रच नव्हे’ असा आक्षेप घेतला होता, हा किस्सा खुद्द मार्कोविट्झ यांनीच पुढे नोबेलच्या व्याख्यानात सांगितला. १९९० मध्ये ते नोबेल त्यांना मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्याबरोबर अर्थशास्त्रासाठीच मिळालं.

एक मेख मात्र सूत्रात दिसत नाही. शांत काळात मोजलेला सहसंबंध संकटात टिकत नाही. सगळे एकदम विकायला धावतात तेव्हा एरवी वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी एकत्र कोसळतात.

चौथी पायरी: मुख्य पेपर

नावं विद्यापीठागणिक बदलतात, पण गाभा तीन पेपरांचा असतो.

पहिला कंपनीचा वित्त व्यवहार, म्हणजे कॉर्पोरेट फायनान्स. कुठे गुंतवायचं, पैसा कुठून उभारायचा, भागधारकांना किती द्यायचा. यात एनपीव्ही आणि आयआरआर (प्रकल्पाचा टक्केवारीतला परतावा) यांची जुगलबंदी मन लावून शिका. एक प्रकल्प १०० चे वर्षाने १५० करतो, परतावा ५० टक्के. दुसरा १,००० चे १,३०० करतो, ३० टक्के. दोन्हींपैकी एकच घेता येणार असेल तर वर्गातले निम्मे हात पहिल्यासाठी वर जातात. १० टक्के दराने पहिल्याचं निव्वळ वर्तमान मूल्य ३६.३६ आणि दुसऱ्याचं १८१.८२. टक्केवारी डोळ्यांत भरते, श्रीमंती मात्र रकमेने मोजली जाते.

कर्ज किती आणि भागभांडवल किती, यावर फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ मध्ये मांडलं की कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखी माहिती आहे अशा आदर्श जगात या प्रमाणाने कंपनीचं एकूण मूल्य बदलत नाही. विद्यार्थी वैतागतात: असं जग आहे कुठे? नाहीच, आणि तीच या सिद्धांताची खुबी. खऱ्या जगात प्रमाणाला महत्त्व का येतं हे शोधायचं तर त्या गृहीतकांपैकी एकेक काढून बघायचं. परीक्षेत सूत्र लिहून थांबू नका, कोणतं गृहीतक मोडलं तर काय होतं ते लिहा.

दुसरा पेपर गुंतवणुकीचा. जोखीम आणि परतावा यांचं नातं, ते नातं सूत्रात मांडणारं शार्प यांचं १९६४ चं मॉडेल, बीटा (बाजाराबरोबर एखादा समभाग किती हलतो त्याचं माप), रोखे, म्युच्युअल फंड. बाजार कार्यक्षम असतो का हा वाद इथे रंगतो. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल युजीन फामा आणि रॉबर्ट शिलर या दोघांनाही मिळालं, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासोबत. किमतीत माहिती लगेच सामावते असं फामा म्हणतात, तर शिलर म्हणतात किमती मूलभूत मूल्यापासून फार भरकटतात. दोघे एकाच व्यासपीठावर. या वादात बाजू घ्यायची घाई नको. दोघांचा पुरावा कोणत्या कालावधीबद्दल आहे ते बघा, भांडण बरंच निवळतं.

तिसरा पेपर बँका आणि वित्तसंस्थांचा. कोरडा म्हणून त्याची बदनामी आहे. वर सांगितलेली बँकेची गोष्ट डोक्यात ठेवून तो वाचला तर तितका कोरडा वाटत नाही.

ऐच्छिक पेपर निवडताना

माझा क्रम असा: आर्थिक पत्रकांचं विश्लेषण सगळ्यात आधी, नोकरी कुठलीही असो. मग रोख्यांचा पेपर, कारण पदवीधरांत तो येणारे कमी आणि त्याची गरज असलेल्या जागा पुष्कळ. त्यानंतर डेरिव्हेटिव्हज. प्रोग्रॅमिंगचा एक पेपर, पायथन असेल तर उत्तम. आणि जमलं तर लेखनाचा किंवा भाषणाचा एखादा. हसू नका. कर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे दोन पानी टिपण जातं, तुमची शीट जात नाही.

डेरिव्हेटिव्हजच्या पेपरात ऑप्शनची (ठरलेल्या भावाने घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काची) किंमत काढण्याचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र शिकाल. ते शिकताना एक जोड-वाचन करा. १९९७ चं नोबेल रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना याच कामासाठी मिळालं. दोघेही लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात भागीदार होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवल्यानंतर तो फंड गटांगळ्या खाऊ लागला आणि सप्टेंबरमध्ये १४ वित्तसंस्थांना सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला. सूत्र चुकीचं होतं म्हणून हे झालं नाही. उसन्या पैशाचं प्रमाण इतकं अवाढव्य होतं की थोडा काळ बाजार उलटा गेला आणि तग धरायला भांडवलच उरलं नाही.

पाचवी पायरी: स्प्रेडशीट

ही पायरी कुठल्याच सेमिस्टरमध्ये नसते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून सुरू करायची.

२०१२ मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या लंडन कार्यालयातल्या सौद्यांत ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. नंतरच्या अंतर्गत चौकशीत दिसलं की जोखीम मोजणारं मॉडेल स्प्रेडशीटमध्ये हाताने आकडे चिकटवून चाललं होतं, आणि एका ठिकाणी सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं होतं. त्यामुळे चढउतार होते त्याच्या निम्मेच दिसले. तोट्याचं कारण एवढं एकच होतं असं नाही, पण धोक्याची घंटा वाजायला हवी तेव्हा ती अशा चुकीमुळे मंद झाली.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना जास्त आवडते. देशाचं कर्ज वाढलं की वाढीचा दर घसरतो असं सांगणारा कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध जगभर धोरणकर्त्यांनी उचलून धरला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातली असाइनमेंट म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला बसला आणि ते जुळेनात. मूळ शीट मिळवल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळीच धरल्या नव्हत्या. इतरही काही निवडी वादग्रस्त होत्या. २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळ्या दुरुस्त्या करून आकडा काढला तेव्हा जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आला.

म्हणून काही सवयी. गृहीतकं एका जागी, वेगळ्या रंगात, सूत्रात थेट आकडा कधीच लिहायचा नाही. प्रत्येक शीटमध्ये एक तपासणीची ओळ ठेवा: ताळेबंद जुळतो का, बेरीज दोन वाटांनी सारखी येते का. फाइल दुसऱ्याला देण्याआधी एखादं गृहीतक मुद्दाम शून्य करून बघा, उत्तर अपेक्षेप्रमाणे हललं नाही तर कुठेतरी धागा तुटलाय. माउसशिवाय काम करायला शिका, सुरुवातीला बोटं अडखळतात पण महिनाभरात वेग येतो.

सहावी पायरी: वर्गाबाहेर

एक कंपनी निवडा आणि पदवी संपेपर्यंत तिची पाठ सोडू नका. दर तिमाहीला निकाल वाचा, तुमचा अंदाज आधी लिहून ठेवा, मग पडताळा. वार्षिक अहवालात सगळ्यात आधी तळटिपा वाचा, लपवण्याजोगं जे असतं ते बहुधा तिथे बारीक अक्षरात असतं. अहवाल फुकट मिळतात. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचे सगळे अहवाल तिथल्या नियामकाच्या एडगर या संग्रहात कुणालाही उघडून वाचता येतात.

कॉलेजात विद्यार्थ्यांचा गुंतवणूक गट असेल तर जरूर जा. तिथे पहिल्यांदा तुमच्या अंदाजाला समोरून कुणीतरी ‘हा दर तू कुठून आणलास?’ विचारतं. स्वतःच्या पैशाने रोजची खरेदी-विक्री करणं म्हणजे फायनान्सचा सराव, असं मात्र समजू नका. त्यातून स्वतःच्या घाबरटपणाची ओळख होते, एवढा उपयोग. मूल्यांकन शिकायला त्याचा काडीचा फायदा मला तरी झाला नाही.

सातवी पायरी: इंटर्नशिप, परीक्षा, नोकरी

फायनान्स म्हटलं की डोळ्यांपुढे गुंतवणूक बँक येते, पण पदवीधरांना सामावून घेणाऱ्या बहुतेक जागा इतरत्र असतात: कंपन्यांचा ट्रेझरी (रोकड आणि कर्ज सांभाळणारा) आणि बजेट विभाग, बँकांचं कर्ज मूल्यांकन, विमा, जोखीम व्यवस्थापन, पतमानांकन, सल्लागार संस्था. गुंतवणूक बँकांची भरती फार लवकर सुरू होते, कधी कधी रुजू होण्याच्या वर्षभरापेक्षाही आधी. तिकडेच जायचं असेल तर दुसऱ्या वर्षातच तयारीला लागा. नसेल तर त्या शर्यतीची धग उगाच अंगावर घेऊ नका. पहिली इंटर्नशिप साधी असली तरी चालते. वसुलीच्या विभागात दोन महिने काढलेल्या मुलाला खेळतं भांडवल पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) करावं का, हा प्रश्न हमखास येतो. ही १९६३ पासून चालत आलेली तीन पातळ्यांची परीक्षा आहे. पदवी पूर्ण व्हायला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असतील तर पहिल्या पातळीला बसता येतं. नोंदणीआधी संस्थेच्या संकेतस्थळावर अटी पुन्हा वाचून घ्या. सनद मिळायला तिन्ही पातळ्यांशिवाय ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभवही लागतो. परीक्षेत दोनच प्रकारचे कॅल्क्युलेटर चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपीचा बारा-सी. दुसरा १९८१ पासून बाजारात आहे आणि त्यात आकडे आधी, क्रिया नंतर अशी उलटी पद्धत आहे. तेव्हा पहिल्या वर्षी कॅल्क्युलेटर घेतानाच या दोनांपैकी एक घ्या. गुंतवणूक, संशोधन किंवा फंड व्यवस्थापनात जाणार असाल तर पहिली पातळी शेवटच्या वर्षी देणं फायद्याचं ठरतं. कंपनीच्या वित्त विभागात जायचं असेल तर घाई नको, तिथे अकाउंटिंगची पात्रता जास्त चालते.

मुलाखतीला जाताना त्या एका कंपनीचं तुम्ही बांधलेलं मॉडेल छापून न्या, दोन पानांत. त्यातल्या ज्या आकड्यावर तुमचा सगळ्यात कमी विश्वास आहे त्याला स्वतःच गोल करा आणि तो दोन टक्क्यांनी चुकला तर मूल्य किती हलतं ते शेजारी लिहून ठेवा. समोरचा बहुधा तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात करतो.